शेतातली भाकर, शाळेतला डबा

संध्याकाळी मुलाचे दप्तर हातात घेतले की झाकण न काढताही कळते. डबा जड असतो. सकाळी सहाला उठून केलेली भेंडीची भाजी तशीच, दोन पोळ्यांपैकी एकीचा चतकोर तेवढा गेलेला. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी आयांच्या तोंडून मी एकच प्रश्न ऐकला आहे : "हीच भाजी घरी दोनदा मागून खातो. मग डब्यातली का नको?"

या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग दडलेला आहे. भाजी तीच आणि मूलही तेच, म्हणजे दोष भाजीचाही नाही आणि मुलाचाही नाही. बदलले ते बाकीचे सगळे. घरी पोळी तव्यावरून थेट ताटात येते. शाळेत तीच पोळी चार तास बंद डब्यात राहून मगच मुलासमोर येते. घरी आई किंवा आजी शेजारी बसलेली असते. शाळेत शेजारी मित्र असतात आणि ते डब्यात डोकावत असतात. मधल्या सुट्टीची मिनिटे मोजकी, त्यात हात धुवायचे, डबा उघडायचा, खायचे आणि मैदानावर जागा पकडायची. थोडक्यात, ताटासाठी केलेले अन्न आपण डब्यात भरतो.

खान्देशात मात्र चुलीपासून लांब, गार झाल्यावर, हातावर घेऊन खायचे अन्न करण्याची जुनी परंपरा आहे. कापूस वेचायला निघालेली बाई फडक्यात भाकर बांधून नेते. सोबत कोरडी चटणी किंवा ठेचा आणि कांदा. दुपारी कडुलिंबाच्या सावलीत फडके सोडले की ते जेवण तेव्हाही खाण्याजोगे असते. ही शिदोरी आणि शाळेचा डबा यांच्यापुढची अडचण एकच आहे. म्हणून या प्रकरणात आपण शिदोरीकडून शिकणार आहोत आणि ती टिकते कशी, पोषण देते कसे, हे आजच्या ज्ञानाच्या आधारे समजून घेणार आहोत.

1. गार होताना भाकरीचे काय होते?

ज्वारीच्या पिठात सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. पिष्टाचे सूक्ष्म दाणे गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात, साबुदाणा फुगतो तसे. म्हणूनच दादर ज्वारीची भाकरी करताना पीठ गरम पाण्यात भिजवतात. गव्हात ग्लूटेन नावाचे लवचीक प्रथिन असते, ते पिठाला जाळ्यासारखे धरून ठेवते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचे पीठ एकत्र राहते ते या फुगलेल्या पिष्टाच्या चिकटपणावर.

भाकरी गार होऊ लागली की उलटा प्रवास सुरू होतो. खेळाच्या तासाला मैदानभर पांगलेली मुले घंटा झाल्यावर रांगेत उभी राहतात, तसे पिष्टाचे विस्कटलेले धागे पुन्हा शेजारी शेजारी येतात. रांगा घट्ट होत जातात आणि मधले पाणी बाहेर ढकलले जाते. भाकरी कडक होते ती यामुळे. ती नुसती वाळते असे आपल्याला वाटते, पण घट्ट झाकलेल्या डब्यातही ती कडक होते, कारण बदल तिच्या आतच घडत असतो. थंडाव्यात ही क्रिया आणखी वेगाने होते. रात्रीची भाकरी फ्रीजमध्ये ठेवली तर ती बाहेर ठेवलेल्या भाकरीपेक्षा लवकर कडक होते, हा अनुभव अनेकींना असेल.

आता जुन्या बायकांच्या युक्त्या पाहू. प्रवासाला दशम्या देत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेले असते, गोड दशमीत गूळही असतो. दुधातले स्निग्ध आणि साखर-गूळ हे दोन्ही पिष्टाच्या रांगा लवकर घट्ट होऊ देत नाहीत, म्हणून दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. भाकरीला वरून तेल-तूप लावण्याचा उपयोगही असाच. आणि भाकरी कडक झालीच तर ती कुस्करून, पाण्याचा हबका मारून, कांदा-लसणाची फोडणी देऊन पुन्हा मऊ करत. फोडणीची भाकरी डब्यासाठी उत्तम आहे. तोडत बसावे लागत नाही, चमच्याने खाता येते आणि कडक होण्याचा टप्पा आधीच ओलांडलेला असतो.

दुसरा शत्रू वाफ. गरम पोळी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते आणि थेंब होऊन खाली गळते. परिणामी तळाची पोळी ओलीचिक्क, काठ मात्र वातड. मुलाला हा चिकट स्पर्श नको असतो. "भाजी नको" म्हणताना पुष्कळदा त्याला तेच म्हणायचे असते. शिदोरीचे फडके सुती असते. ते जास्तीची वाफ शोषते आणि भाकरीभोवती थोडासा ओलावाही राखते. पोळी किंवा भाकरी तव्यावरून काढल्यावर पाच-सात मिनिटे जाळीवर ठेवावी आणि मग धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळून डब्यात घालावी. खर्च शून्य. पण डब्याच्या बाबतीत माझ्या पाहण्यातली सर्वांत परिणामकारक सुधारणा हीच आहे.

2. कळण्याचे गणित

कळण्याची भाकरी खान्देशाबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आणतात. बहुतेक घरांत ज्वारीचे तीन भाग आणि उडदाचा एक, कुठे चारास एक. दळतानाच मीठ घालतात, काही घरांत मेथीचे दाणेही. त्या पिठाला कळणा म्हणतात. त्याची भाकरी, त्याची पुरी, सोबत भरीत किंवा ठेचा.

ही जोडी इतकी चांगली का, हे समजायला प्रथिने काय असतात ते आधी पाहावे लागेल. आपल्या शरीराची बांधणी, म्हणजे स्नायू, रक्त, त्वचा, वाढणारी हाडे, यांत प्रथिने लागतात. ही प्रथिने वीसेक प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात.

एक शिंपी दहा शर्ट शिवायला बसला आहे असे समजा. कापड दहा शर्टांचे आहे, दोरा आहे, पण बटणे सहाच शर्टांपुरती. तयार शर्ट होणार सहा. प्रथिनांचेही तसेच. नऊपैकी एखादे अमिनो आम्ल कमी पडले की बाकीचे भरपूर असूनही बांधणी तेवढ्यावरच अडते. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, म्हणजे ज्वारीकडे बटणे कमी. उडदात लायसिन भरपूर, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, म्हणजे उडदाकडे दोरा कमी. ज्वारीत ती तुलनेने बरी असतात. दोघे एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आकडेमोड करून पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम प्रथिने असतात. त्यातली पंचवीस ग्रॅम ज्वारी काढून तिथे पंचवीस ग्रॅम उडीद घातला, तर ज्वारीकडून साडेसात आणि उडदाकडून साडेपाच-पावणेसहा ग्रॅम, मिळून सुमारे 13. प्रथिने जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढली आणि ती अधिक उपयोगी झाली. शिवाय उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना तुटत नाही.

लायसिन हे अमिनो आम्ल शास्त्राला सापडले 1889 मध्ये. ड्रेक्सेल नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते दुधातल्या केसीनमधून वेगळे काढले. तापीकाठच्या बायकांना त्याचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी अनेक पिढ्या करून, खाऊन, पोरांना घालून हे प्रमाण बसवले. मला या गोष्टीचा फार आदर वाटतो. आणि म्हणूनच डब्यात कळण्याची भाकरी न्यायला एखादे मूल लाजते तेव्हा वाईट वाटते.

हेच गणित खिचडीत आहे, वरण-बट्टीत आहे, पोळी आणि मटकीच्या उसळीत आहे. धान्य आणि डाळ यांची सांगड डब्यात हवी, मग रूप कोणतेही असो.

डब्यासाठी आकार मात्र बदलावा. ताटभर मोठी भाकरी मुलाच्या हातात मावत नाही. थापलेल्या भाकरीवर वाटी दाबून लहान गोल कापावेत आणि तव्यावर भाजावेत. कळण्याच्या पुऱ्या मुलांना जास्त आवडतात. तळण असल्याने त्या आठवड्यातून एखाद्या दिवशी ठेवाव्यात.

3. डब्यात किती असावे?

सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितलेली दिवसाची गरज अशी : ऊर्जा सुमारे 1,700 कॅलरी, प्रथिने सुमारे 23 ग्रॅम. यातले डब्यातून किती मिळावे?

यासाठी एक तयार माप आपल्या डोळ्यांसमोरच आहे : सरकारी आणि अनुदानित शाळांतले दुपारचे जेवण. देशपातळीवरची ही योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये शिजवलेले अन्नच देण्याचा आदेश दिला. 2021 पासून तिचे नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. त्यासाठीचे साहित्यही ठरलेले आहे : 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. घरी तराजू घेऊन बसायला नको. धान्याच्या पाचव्या हिश्शाइतकी डाळ आणि निम्मी भाजी, एवढे वजनाचे प्रमाण लक्षात ठेवले तरी पुरते.

आता आपला डबा मांडू. कळण्याचे 60 ग्रॅम पीठ, म्हणजे दोन-तीन लहान भाकऱ्या : सुमारे 200 कॅलरी, 8 ग्रॅम प्रथिने. वर एक चमचा तूप : 45 कॅलरी. पंधरा ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी : 85 कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिने. एक मध्यम केळे : शंभराच्या आसपास कॅलरी, एक ग्रॅम प्रथिने. बेरीज केली तर ऊर्जा साधारण 430 कॅलरी आणि प्रथिने साडेबारा ग्रॅम. सरकारी मापाशी हिशेब जवळजवळ जुळला. दिवसाच्या निम्म्याहून जास्त प्रथिने एका डब्यातून गेली. भाजीची उणीव राहिली, तीही भरता येते : पिठातच मेथी, पालक किंवा शेवग्याचा पाला चिरून घालावा, किंवा गाजर-काकडीच्या चार फोडी बाजूला ठेवाव्यात.

तुलनेसाठी ग्लुकोज बिस्किटांचा 50 ग्रॅमचा पुडा घ्या. कॅलरी सव्वादोनशेच्या घरात, प्रथिने तीनेक ग्रॅम, आणि ऊर्जेचा मोठा भाग मैदा व साखरेचा. मूल त्यावर दुपार काढू शकते. वाढ मात्र होत नाही.

एक सूचना इथेच. पाच वर्षांखालच्या मुलांच्या डब्यात अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घाईत खाताना ते घशात अडकू शकतात. कूट किंवा चटणी द्यावी. क्वचित एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे असे काही दिसले तर डॉक्टरांकडे ताबडतोब न्यावे.

4. लिंबाची फोड आणि सकाळचा चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास 69 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे बहुसंख्य मुले शाळेच्या पायरीवर येतात तीच रक्तक्षय घेऊन, आणि त्यामागे लोहाची उणीव हे एक मोठे कारण असते.

ज्वारी, मटकी, हरभरा यांत लोह असते, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. धान्याच्या सालाजवळचे फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते. ही पकड सैल करण्याचे दोन घरगुती उपाय आहेत. एक, मोड आणणे : मोड येताना फायटेट कमी होते. दोन, आंबट : लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. मटकीच्या डब्यात लिंबाची एक फोड ठेवली आणि ती पिळायची कशी हे मुलाला शिकवले, तर त्याच उसळीतून जास्त लोह मिळते.

चहा याच्या उलट काम करतो. आपल्याकडे लहान मुलांनाही सकाळी चहा-पोळी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. चहातली तुरट द्रव्ये लोहाला बांधून टाकतात. मुलांना चहा देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पोळी दुधाबरोबर किंवा चटणीबरोबरही खाता येते.

5. "नको" म्हणजे कायमचे नको का?

अमेरिकेत लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या आसपास लहान मुलांच्या आवडीनिवडीवर साध्या, पण फार शिकवणाऱ्या प्रयोगांची मालिका केली. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या, आणि तिन्ही डब्याला लागू पडतात.

पहिली : आवड सवयीने येते. नवा पदार्थ मुलाने जितक्या वेळा चाखला, तितका तो त्याला जास्त आवडू लागला. काही मुलांना आठ-दहा, काहींना पंधरा वेळा लागतात. आपण साधारण दोन-तीन वेळा देऊन "याला दोडकं आवडत नाही" असे कायमचे ठरवून टाकतो. मूल तेव्हा चवीच्या निम्म्या वाटेवरही पोचलेले नसते. नव्या पदार्थाविषयीची ही सावधगिरी दोन ते सहा वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असते. अनोळखी झाडपाला तोंडात न घालणे एकेकाळी मुलांच्या जिवाच्या भल्याचेच होते.

दुसरी : मुले मुलांकडून शिकतात. एका विशिष्ट भाजीची नावड असलेल्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवले. चार दिवसांत त्याची निवड बदलू लागली. डब्यातले वाटून खाणे त्यामुळे मला मोलाचे वाटते. एका घरच्या बेसनाच्या पातोड्या चार घरांत पोचतात त्या अशाच. वर्गातल्या दोन-तीन आयांनी ठरवून एकाच दिवशी कळण्याच्या पुऱ्या दिल्या, तर कुणालाच लाजायचे कारण उरत नाही.

तिसरी : लाच उलटते. "भाजी संपव, मग चॉकलेट" असे म्हटले की मूल त्या दिवशी भाजी संपवते. पण बर्च यांच्या 1984 च्या प्रयोगात दिसले की बक्षिसासाठी घेतलेला पदार्थ पुढे मुलांना पूर्वीपेक्षा कमी आवडू लागला. मुलाचा तर्क सरळ असतो : ज्यासाठी बक्षीस द्यावे लागते ती गोष्ट चांगली कशी असेल?

यातून डब्यापुरता एक नियम निघतो. डब्यात ओळखीचे द्यावे, नव्याची ओळख घरी करून द्यावी. शाळेतल्या त्या घाईच्या मिनिटांत नवी चव शिकायला मुलाला उसंत नसते. फार तर ओळखीच्या पदार्थांशेजारी नव्याचा एक लहान घास ठेवावा, आणि तो परत आला तर काही बोलू नये. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जेवणातली कामे वाटून दिली आहेत : काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे "ताटात टाकायचे नाही" ही शिकवण खोल रुजलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण डबा भरताना त्याचा अर्थ "कमी भरा" असा घ्यायला हवा. लहान डबा पूर्ण संपतो, मोठा निम्मा परत येतो, आणि संपवल्याचा आनंद मुलाला पहिल्यातच मिळतो.

आदल्या रात्री मुलाला विचारावे, पण मोकळे विचारू नये. "उद्या काय देऊ?" याला उत्तर नूडल्स असेच येणार. "पातोड्या देऊ की दशमी?" असे विचारले की निवड त्याची राहते आणि दोन्ही उत्तरे आपल्याला चालतात.

6. आपल्या स्वयंपाकघरातून

खान्देशी पदार्थांपैकी डब्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतात ते फुणके. तूर, मूग किंवा मटकी, किंवा दोन-तीन डाळींचे मिश्रण चार-पाच तास भिजवायचे, पाणी न घालता जाडसर वाटायचे, लसूण, जिरे, कोथिंबीर, मीठ आणि मुलांच्या बेताने मिरची घालायची. मुठीत दाबून लांबट गोळे करायचे आणि चाळणीत पंधरा-वीस मिनिटे वाफवायचे. घरी ते कढीबरोबर खातात. डब्यासाठी गार झाल्यावर चकत्या कापून, मोहरी-तिळाच्या फोडणीत परतायच्या. वाटताना एक चमचा तेल घातले तर कोरडे होत नाहीत. रस नाही, त्यामुळे गळत नाही. एका घासाचा आकार आहे. तळण नाही. आणि जवळपास सगळी डाळच आहे. याहून अधिक डब्यातल्या पदार्थाकडून काय मागायचे?

बेसनाच्या पातोड्या रश्श्याशिवाय, सुक्या दिल्या तर त्याच जातीत बसतात. बट्टीचे तुकडे तुपात परतून दिले तर तेही टिकतात, मात्र सोबत वरण देता येत नसेल तर डाळीची सोय दुसरीकडून करावी. साक्री आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली नागली विसरू नये. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, इतर कुठल्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. नागलीचे पीठ आणि गूळ घातलेली धिरडी लहान मुले आवडीने खातात.

भरीत म्हणजे आपल्या भागाचा अभिमान. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बामणोद, आसोद्याकडची ती लांबट, हिरवी, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. हिवाळ्यात ते डब्यात जरूर द्यावे, पण वाटीत वेगळे नको. चाळणीत ठेवून पाणी निथळू द्यावे आणि दोन कळण्याच्या पुऱ्यांमध्ये पसरून द्यावे. शेवभाजी मात्र डब्यातून वगळावी. शेव भिजून लगदा होतो, तर्री दप्तरात सांडते, आणि मीठ-तिखटही मुलांसाठी जास्त असते.

राहिले केळे. जळगावच्या केळ्यालाही 2016 मध्ये मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातून देशभर केळी जातात, पण त्याच गावांतल्या मुलांना ती रोज दिसतात म्हणून नकोशी होतात. शिवाय दप्तरात केळे चेंगरते आणि काळे पडलेले केळे कुणी खात नाही. सालाखालचा गर हवेच्या संपर्कात आला की त्यातली विकरे गराला काळे करतात, म्हणून केळे कापून देऊ नये, सालासकट द्यावे. डब्यासाठी टोकाला किंचित हिरवट असलेले निवडावे, ते घट्ट असते आणि चेंगरत नाही. जे जास्त पिकले आहे त्यातल्या पिष्टाची बरीचशी साखर झालेली असते. ते कुस्करून कणकेत मळावे, चवीला वेलची घालावी आणि त्याच्या दशम्या लाटाव्यात. पहिल्या भागात पाहिले तसे ही साखर आणि ओलावा दशमीला मऊ ठेवतात, वेगळी साखर लागत नाही.

7. मार्चनंतर

आमच्याकडचा उन्हाळा हा डब्याच्या बाबतीत वेगळा ऋतू आहे. मार्चपासून बहुतेक शाळा सकाळच्या होतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाला टेकतो.

अन्न नासवणारे जिवाणू 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात भराभर वाढतात. शिजवलेले ओले अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपला डबा तीन-चार तास राहतो. म्हणून उन्हाळ्यात पदार्थच असे निवडावेत की ज्यात जिवाणूंना लागणारे पाणी कमी आहे : दशमी, खाकरा, कोरडी शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, फुटाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, सालासकट केळे. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, उकडलेले बटाटे, अंडे आणि भात हे हिवाळ्यासाठी राखावेत. भाताविषयी विशेष काळजी घ्यावी. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते जागे होतात. रात्रीचा भात सकाळी परतून डब्यात देणे म्हणूनच उन्हाळ्यात धोक्याचे आहे. फुणकेही ओलसर असल्याने या दिवसांत घरीच खावेत.

मुलांचे पैसे शाळेबाहेरच्या गाडीवर जातात ते याच दिवसांत, रंगीत बर्फासाठी आणि पुड्यांसाठी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम पालक सभेत मांडण्याजोगा आहे. बऱ्याच शाळांना तो माहीत नसतो.

8. परत आलेला डबा

डबा परत आला की आधी रागवू नका, तो नीट पाहा. पोळी आहे आणि भाजी संपली आहे? मग पोळी वातड झाली असणार, रुमाल आणि तूप करून पाहा. सगळे थोडे थोडे खाल्ले आहे? मग वेळ पुरला नाही; घास लहान करा, चपातीची गुंडाळी करून अर्धी कापून द्या. मधोमध खाल्ले आहे आणि काठ तसेच आहेत? ते कडक झाले होते. काहीच हलले नाही? तर मुलाला डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. नव्या डब्याचे रबर इतके घट्ट असते की पहिली-दुसरीतल्या हातांना झाकण निघत नाही, आणि बाई वर्गात नसल्या तर मूल कुणाला सांगत नाही. असा डबा मी स्वतः पाहिला आहे. आत मेथीच्या छान पुऱ्या होत्या.

तीन दिवस हे लिहून ठेवा : काय दिले, काय उरले, ऊन किती होते. आणि विचारताना "संपवला का?" असे नको. आमच्याकडे आजी पोराला दारातच जवळ घेते, त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि विचारते, "आज डब्यात कोनी काय आनं व्हतं?" मग पोर स्वतःहून बोलू लागते. कुणाच्या डब्यात काय होते, कुणी कुणाला दिले, आणि त्या ओघात आपल्या डब्याचे काय झाले तेही.